कोर्बीच्या थपडा

कोर्बिनियनने मला आयुष्यात एकाच रात्री मारलं, पण असं मारलं की दुसऱ्या दिवशी माझी आईसुद्धा मला ओळखेना. आम्ही तिशीच्या आतले होतो. ग्राउकोफेलच्या उत्तरेच्या कड्यावर वादळाने गाठलं, बसायला जेमतेम ढुंगणापुरती कपार, आणि मला झोप यायला लागली. तसल्या थंडीत झोप म्हणजे काय ते आमच्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कोर्बीने आधी गोडीगुलाबीने पाहिलं, मग गाणी म्हटली, मग हातमोजा काढला आणि ठेवून दिली एक कानाखाली. मी त्याला शिवी हासडली. "शाब्बास, बुर्गल," तो म्हणाला, "अजून दे," आणि दुसरी लगावली. उजाडेपर्यंत हेच. माझा एक दात तिथेच कुठेतरी पडलाय. खाली आल्यावर माझा नवरा काठी घेऊन त्याच्या अंगावर धावून गेला होता, मी मध्ये पडले म्हणून कोर्बी वाचला.

तेव्हापासून आमच्यात ठरून गेलं. एकाने हातपाय गाळले, भीतीने थिजला, की दुसऱ्याने थोबाडीत द्यायची, आणि मार खाणाऱ्याने शिवी देऊन आपण जागे असल्याचं कळवायचं. राग धरायचा नाही. एका दोराला बांधून घेणाऱ्यांचे असे करार असतात. नवराबायकोत असले करार टिकत नाहीत, दोराला टिकतात.

बघता बघता तो सत्तरी ओलांडून गेला, मी सत्तरीच्या उंबऱ्यावर आले. कडे केव्हाच सुटले. त्याचा खांदा गेला, माझ्या उजव्या गुडघ्यात डॉक्टरांनी लोखंड बसवलं. उरलं ते हिवाळ्यातलं स्कीवरचं भटकणं. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे मागे घसरायला होत नाही, पाय ओढत ओढत डोंगर चढायचा, माथ्यावर पट्ट्या सोलून काढायच्या आणि घसरत खाली यायचं. आमच्या खोऱ्यात रोपवे नाही, कुणी आणू दिला नाही. वर जायची हौस असेल तर स्वतःच्या तंगड्या मोडा.

त्या मार्चमध्ये आम्ही ग्राउकोफेललाच निघालो. सोबत माझी लेक रोझिना. रोझी खोऱ्याच्या बचाव पथकात आहे. बापावर गेलीय, कमी बोलते, पण बोलली की झोंबतं. गाडी लावल्या लावल्या तिने आमची तपासणी घेतली. आम्ही सगळे पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब सळई घेतो, आणि छातीला एक डबा बांधतो. तो दिवसभर आपला 'मी इथे आहे, मी इथे आहे' म्हणत असतो. कुणी बर्फाखाली गेलं की वर राहिलेल्यांनी आपापला डबा ताबडतोब शोधावर टाकायचा. मग तो बोलायचा थांबतो आणि ऐकायला लागतो, आणि गाडलेल्याकडे बाण आणि अंतराचा आकडा दाखवतो. माझा डबा जुनापुराणा, एक ठसठशीत बटण. कोर्बीचा नवाकोरा, सुनेने वाढदिवसाला दिलेला, झाकणाखाली झाकण.

"काका, शोधावर टाकून दाखव," रोझी म्हणाली.

"अगं, तू लंगोटात होतीस तेव्हा मी लोक उकरून काढत होतो."

"तेव्हाचं राहू दे. आत्ता दाखव."

त्याने बरीच खटपट केली, दोनदा चुकला, मग एकदाचं जमलं. "झालं समाधान, मास्तरीणबाई?"

रोझीने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

माथ्यावर पोचलो तोवर ऊन चांगलंच चढलं होतं. तिथे रोवलेल्या क्रुसाला टेकून बसलो, राईचा कडक पाव फोडला, मी चाकूने डुकराच्या वाळवलेल्या मांसाचे पातळ काप केले, कोर्बीने पाइनच्या बोंडांची दारू फिरवली. मला वाटलं, यापरता स्वर्ग नको. तेवढ्यात रोझीने तोंड उघडलं.

"ही शेवटची खेप. पुढच्या हिवाळ्यापासून मी तुम्हा दोघांना आणणार नाही, आणि तुम्हीही आपापले यायचं नाही."

"हुकूम कुणाचा?" कोर्बीने विचारलं.

"वळताना तू पडलास, काका, आणि आई वाटभर गुडघा धरून चालली. उद्या तुम्हाला पोत्यात घालून खाली न्यायची पाळी माझ्यावर यायला नको."

"पोत्यात ने तुझ्या बापाला!"

"बापाला नेलंच आहे," रोझी म्हणाली.

खरं होतं ते. माझा नवरा अशाच एका उतारावर गेला आणि त्याला शोधून काढणाऱ्यांत ती होती. कोर्बीचा चेहरा पडला. पण हा माणूस चुकला की माफी मागत नाही, चूक आणखी मोठी करतो. तो उठला, स्कीवर उभा राहिला आणि उत्तरेच्या घळीकडे तोंड केलं.

"तिकडून नाही, काका! वाऱ्याने बर्फाची लादी थापलीय तिथे, उन्हाने सैल झालीय."

"या घळीत मी तुझ्या जन्माआधीपासून उतरतोय. तुम्ही या आपल्या बायकांच्या वाटेने."

"कोर्ब्या, गाढवा, मागे फिर!" मी बोंबलले. "डोकं फिरलंय का तुझं?"

तो गेलासुद्धा. रोझीने एक शिवी घातली, मला हाताने थांब म्हणून खुणावलं आणि त्याला अडवायला मागोमाग घळीत शिरली.

बर्फाने खालून 'हुम्म' केलं. तो आवाज मी कानाने नाही, पोटाने ऐकते. रोझीच्या पायांच्या वरून एक चीर पळत गेली आणि घळीचा उजवा अर्धा भाग एकदम सुटला. लाद्या एकमेकींवर चढत, फुटत, दळत खाली निघाल्या. रोझीचा लाल अंगरखा दिसला, उलटा झाला, पुन्हा दिसला, मग दिसला नाही. कोर्बीला लोटाने कडेने फरफटत नेलं आणि खाली बर्फाच्या वरच टाकून दिलं. मग सगळं थांबलं आणि बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसला.

मी कशी उतरले ते विचारू नका. गुडघ्यातलं लोखंड किंचाळत होतं आणि मी त्याला शिव्या देत होते. बर्फाखाली माणसाला पाव तासाचा श्वास असतो, पुढे नशीब. डबा शोधावर टाकला. बाण उमटला, आकडा कमी कमी व्हायला लागला, मी धडपडत त्याच्या मागे गेले, आणि बाणाने मला आणून उभं केलं ते कोर्बीपुढे.

तो उभा होता. एका पायात स्की, दुसरा पाय मोकळा, हातात रोझीची तुटकी काठी. त्याचा डबा अजून 'मी इथे आहे' म्हणत होता.

"कोर्बी, डबा शोधावर टाक!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "रोझी कुठे आहे?"

"तुझ्या पायाखाली असेल, मेल्या! डबा टाक शोधावर!"

मी बाजूला पळाले, रोझीला शेवटचं पाहिलं होतं तिकडे. डबा पुन्हा वळला आणि कोर्बीकडे बोट दाखवायला लागला. त्याचा आवाज जवळचा, रोझीचा खोल आणि दबलेला. माझा जुना डबा, ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकणार. वर असलेला जिवंत माणूस खालच्या पोरीला झाकून उभा होता.

मी परत आले आणि त्याच्या थोबाडीत दिली. करारच होता. त्याने शिवी दिली नाही. मी दुसरी दिली. तो नुसता डोळे मिचकावत राहिला. मग मी मूठ वळली. तरी ढिम्म. मी त्याच्या अंगरख्यात हात घातला, तर या येड्याने माझा गळा धरला. काय समजला देव जाणे, कदाचित मी त्याला मारून टाकतेय असं वाटलं असेल, आणि तेव्हा खरंच मारून टाकलं असतं. मी फावड्याचा दांडा उलटा धरला आणि त्याच्या नाकावर हाणला. हाड मोडल्याचं हाताला कळलं. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. तो गुडघ्यावर बसला आणि मी त्याच्या छातीवर. ती झाकणं, ती बटणं, माझी बोटं गारठलेली, काही उघडेना. मांसाचे काप करायचा चाकू खिशात होता. पट्टा कापला, डबा उपटला आणि जीव खाऊन घळीत खाली भिरकावला. तो उसळ्या खात खाली दूर गेला, नजरेआड.

माझा डबा गप्प झाला. मग हळूच, बारीक, बोलायला लागला. रोझी.

वाकून सगळ्यात कमी आकड्याची जागा शोधली, सळई खुपसली. एकदा, दोनदा, मग खाली काहीतरी मऊ लागलं. फावडं मारायला लागले तर शेजारी दुसरं फावडं पडायला लागलं. कोर्बी. नाकातून रक्ताची धार, आणि बैलासारखा उकरत होता.

"शिवी तरी द्यायचीस," मी धापा टाकत म्हणाले.

"नंतर देतो," तो म्हणाला. "उकर, म्हातारे."

आधी हात लागला, मग चेहरा. निळा. तोंडात बर्फ कोंबलेला, मी बोट घालून काढला. तिने माझं बोट चावलं. इतकं चावलं की अजून वण आहे, आणि मी रडत रडत हसले. मग ती खोकली आणि तिने श्वास घेतला. मांडी मोडलेली होती, पाय भलत्या दिशेला. कोर्बीने स्वतःचा अंगरखा काढून तिच्यावर घातला.

घळीत फोन लागत नव्हता. फोन लागतो तो डाव्या बाजूच्या डोंगराच्या दांडावर, आणि तिकडे जायचं तर घळीचा जो अर्धा भाग अजून वर लटकत होता त्याच्या खालून. आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं.

"आधी तुझा डबा शोधून आण," मी म्हणाले.

"तो खाली दरीत गेला असेल. तूच फेकलास ना, बुर्गल, तुझा हात काय लेचापेचा आहे?"

"मग माझा घे."

"आणि तू इथे पोरीजवळ बिनडब्याची बसणार? वर बघ ना, ते सुटलं तर इकडेही येईल." त्याने बाहीने नाक पुसलं. "पोरगी गारठतेय. मरू दे तो डबा."

तेव्हा मी त्याचा पाय धरायला हवा होता. धरला नाही. माझी पोरगी माझ्या मांडीवर थडथडत होती आणि मला हेलिकॉप्टर हवं होतं. मला तेवढंच हवं होतं.

तो गेला. दांडावर उभा राहून फोनवर ओरडताना मला ऐकू येत होता. जागा सांगितली, पाय मोडल्याचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आणि ऐका, एक म्हातारी आहे इथे, जपून, मारते." मग हात वर करून मला दाखवलं, झालं म्हणून, आणि परत यायला निघाला. तिथेच थांबला असता तर दांडावर सुरक्षित होता. पण रोझीला उबेला त्याचा एक अंगरखाच होता आणि माझा गुडघा गेलेला. तो परत आला नसता तर कोर्बी कसला?

मधोमध होता तेव्हा घळीने पुन्हा 'हुम्म' केलं. त्यानेही ते ऐकलं असणार, कारण तो थांबला आणि त्याने वर नाही, माझ्याकडे पाहिलं. मी रोझीवर आडवी पडले. लोट आमच्या बाजूने गेला, कडेची ढेकळं पाठीवर बसली.

डोकं वर काढलं तर दांडापर्यंत सगळं कोरं. रोझीने आपला डबा बंद केला, मी माझा शोधावर टाकला. पडद्यावर काही नाही. इकडे धावले, तिकडे धावले, काही नाही. मग फार खालून एक क्षीण आवाज आला. दरीकडे पडलेला त्याचा रिकामा डबा 'मी इथे आहे' म्हणत होता. मी डबा फेकून दिला आणि सळईने खुपसत सुटले. रोझी मागून ओरडत होती, "आई, रांगेने, रांगेने खुपस!" मला रांग सुचत नव्हती.

हेलिकॉप्टर आलं, त्याने हाक मारली होती म्हणून आलं. पथकाची माणसं आली, कुत्री आली. रोझीला झोळीत घेतलं तरी ती जायला तयार होईना, मान वळवून त्यांना हुकूम सोडत राहिली. एका कुत्र्याने बर्फावर पंजा मारला तेव्हा ऊन घळीतून निघून गेलं होतं. उकरलं. सदऱ्यावर होता, अंगरखा आमच्याकडे. नाक वाकडं, त्यावर रक्त गोठलेलं.

"लोटाने नाक फोडलं बघा," पथकातला बेनो म्हणाला.

"लोटाने नाही. मी फोडलं."

हेलिकॉप्टरमधून आलेल्या डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. मी त्यांना बाजूला सारलं, हातमोजा काढला आणि कोर्बीच्या थोबाडीत दिली. मग दुसरी. गाल लाकडासारखा कडक होता आणि माझा तळवा झोंबत होता.

"मावशी, अहो, काय करताय?" बेनोने मला मागून धरलं. "रोझी वाचली ना! आता मेलेल्यावर कसला राग काढताय?"

मी त्याच्या नडगीवर लाथ घातली, सुटले आणि पुन्हा कोर्बीवर बसले. उजव्या हाताने, डाव्या हाताने, जसं त्याने मला उजाडेपर्यंत मारलं होतं तसं. "नंतर देतो म्हणालास ना? दे की, मेल्या! एक शिवी दे! एक!"

चौघांनी मिळून मला ओढून काढलं, तोवर त्याने एकही दिली नव्हती.