थोडा शेक

साखरेचं किती रूपांतर झालं ते दाखवणाऱ्या पोलारीमीटरच्या गोल खिडकीचे दोन्ही अर्धे भाग सारखे उजळले, तेव्हा दामिनीने आकडा वाचला. पुन्हा वाचला. तो कालच्यापेक्षा चांगला होता, आणि तेच तिला आवडलं नाही.

बुटीबोरीच्या या कारखान्यात मक्याचं ग्लुकोज एका उंच पोलादी कॉलममधून सोडत. आत एन्झाइमचे तपकिरी दाणे भरलेले. ते ग्लुकोजच्या रेणूत एकही अणू घालत नाहीत, काढतही नाहीत. नुसती मांडणी बदलतात. खालून निघतं ते फ्रुक्टोज, जास्त गोड. दाणे जुने झाले की प्रवाह हळू करायचा, एवढंच हातात असतं. थकलेले दाणे एका रात्रीत तरणे होत नाहीत.

ती कॉलमपाशी गेली. तापमान चढवलेलं होतं. कॉलमचे जुने ऑपरेटर मधुकरराव मफलर गुंडाळून उभे होते. ती नवीन असताना इथला एकेक व्हॉल्व्ह त्यांनीच तिला ओळखायला शिकवला होता, आणि आता शिकाऊ मिनललाही तेच शिकवत होते.

"काका, हे कोणी वाढवलं?"

"म्याच. थोडा शेक देल्ला वं. थंडीत कोनाचंबी अंग आखडते. नंबर चांगला आला न?"

"आज आला. पण उष्णतेने ते लवकर मरतात. मागेही सांगितलं होतं मी."

"सांगतलं होतं. पन धार हळू केली का वरून फोन येते. 'काहून गा मधुकर, झोपला का?' रिटायर व्हाले दोन वर्षं राहिले माये. झोपला म्हनून नाही जायचं मले."

मागचे दाणे अशाच शेकाने निम्म्या आयुष्यात गेले, तेव्हा काकांचं नाव न घेता मालच हलका होता असं तिनेच साहेबांना सांगितलं होतं. त्यानंतर कितीदा तरी ती बोलायचं ठरवून इथवर आली होती, आणि त्यांच्या डब्यातली भाकरी खाऊन परत गेली होती.

"उद्या नवा माल भरून राहिलो न आपन?" मधुकरराव हसले. "मंग कायले शेक? नव्या नवरीले कोनी शेकते का?"

दामिनीलाही हसू आलं. तिने तापमान खाली आणलं आणि काटा उतरेपर्यंत थांबली. मधुकरराव फडक्याने कॉलमवरच्या काट्याची काच पुसत होते, कडेकडेने, नीट.

"काका," ती म्हणाली, "नव्या मालावर मिनल राहील. तुम्ही नाही."