मायचा पडलेला दात

माझी माय गेली तेव्हा मी पोटभर रडले. जलदानाच्या दिवशी, तिच्या मरणानंतरच्या विधीला, मात्र मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही.

त्या दिवशी दादा सकाळच्या गाडीनं अकोल्याहून बडनेऱ्याला माझ्या घरी आला. धर्मपाल माझा थोरला भाऊ, कचेरीत कारकून, सदऱ्याला कडक इस्त्री. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली भलीमोठी फ्रेम. मायचा फोटो त्यानं स्टुडिओतून मोठा करून आणला होता, वर रंगही भरून. खिळ्याला टांगला आणि शाबासकी मिळावी म्हणून माझ्याकडं पाहिलं.

मी फोटो पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मायचा उभ्या जन्मात एकच फोटो निघाला होता. बुद्धाचा धर्म घेतल्यावर पुढच्या साली वस्तीत पंचशीलाचा झेंडा लावला, तेव्हा सगळ्या बायांना ओळीनं उभं केलं. फोटोवाला म्हणाला, हलू नका. बाकीच्या बाया खांबासारख्या ताठ झाल्या आणि माय खदखदून हसली. पुढचा एक दात नाही आणि तोंड सताड उघडं. फोटोत ती तशीच आली.

स्टुडिओवाल्यानं त्यातली एकटी माय मोठी केली आणि ते तोंड मिटवून टाकलं होतं. ओठ गुलाबी, डोक्यावरचा पदर चापूनचोपून. एखाद्या वकिलाची बायको शोभावी अशी कुणी बाई भिंतीवरून शहाण्यासारखी बघत होती.

दादा म्हणाला, स्टुडिओत असं करतातच, सांगितलं की दुरुस्त करून देतात. ही फ्रेम पुढं अकोल्याला माझ्या घरी लागणार, तिथं साहेबलोक येतात, भिंतीवर दात पडलेली आई बरी दिसत नाही. दुरुस्त म्हणे. माय काय सायकल होती?

आणि तो दात काही म्हातारपणी पडला नव्हता. चांदूर बाजारकडच्या आमच्या गावात एका उन्हाळ्यात वस्तीचा झरा आटला. दादा लहान होता, तापानं फणफणलेला, पाणी पाणी करत होता. माय घागर घेऊन सरळ गावच्या विहिरीवर गेली. तिथं आम्हाला मज्जाव. लोकांनी तिला ढकललं, तोंड दगडावर आपटलं. तरी घागर भरूनच ती घरी आली, लुगड्यावर रक्त घेऊन. आधी ती हसताना तोंडाला पदर लावायची. त्या दिवसापासून तिनं कधी लावला नाही. कुणी हटकलं की म्हणायची, "त्याइनं दात पाडला, हासनं त नाई पाडलं."

हे सगळं मी दादाला सुनावलं. तो म्हणाला, लोक यायची वेळ झाली, आता तमाशा नको.

लोक आले, वंदना झाली. गावाकडून तानुबाई आली होती. मायची जिवाची मैत्रीण, तिला चतुरा म्हणून हाक मारणारी, दात पडला त्या दिवशी विहिरीवर तिच्यासोबत गेलेली. हातात झेंडूचं फूल घेऊन ती फ्रेमसमोर उभी राहिली. बराच वेळ पाहिलं आणि दादाकडं वळली.

"बाबू, चतुराचा फोटो कुठी हाय?"

दादानं फ्रेमकडं बोट दाखवलं.

"हे कोनी दुसरीच व्हय," तानुबाई म्हणाली. "मी चतुराले फूल वाहाले आली."

मी दादाची पिशवी उघडली, स्टुडिओत नेलेला जुना फोटो काढला आणि तांब्याला टेकवून ठेवला. फोटो तळहाताएवढा, त्यात माय नखाएवढी. तरी तानुबाईनं ती लगेच ओळखली. फूल वाहिलं आणि हसता हसता रडायला लागली.

दादा फ्रेमपाशी मान खाली घालून उभा होता. तापात प्यालेलं ते पाणी त्याला आठवलं असावं. लोक गेल्यावर त्यानं स्वतःच फ्रेम उतरवली आणि हळूच म्हणाला, "शालू, हासतानाचा मोठा करून देईल का तो स्टुडिओवाला?"

माझा राग काही निवला नव्हता.

"तोंड बंद कराचे पैसे देल्ले ना तू त्याले? आता उघडाचे किती घेते, इचारून ये."