तळवा अगदी साफ

मास्तरांना अक्कल शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, निदान मास्तरांच्या मते. अर्धं आयुष्य शिंपीकामात गेलेलं, साखरेचा आजारही जुना. पण पथ्य म्हणजे भित्र्यांचे चोचले, हे मत ठाम. बायको मागच्या खोलीत काजं-बटणं करायची आणि मनातल्या मनात म्हणायची, सोला नाकानं कांदे.

त्यांच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत. दोष अर्थातच दिव्याचा. शेवटी एका कोटाच्या दोन्ही बाह्या त्यांनी डाव्याच कापल्या, तेव्हा बायकोनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"साखरेमुळे पडद्यावर रक्त उतरलंय, उपचार लगेच सुरू करू," बाई म्हणाल्या. "पण डोळे असे झाले की पायही बहुतेक बिघडलेले असतात. बधिर वाटतात का?"

"ठणठणीत आहेत. कधी दुखत नाहीत."

"तीच भीती आहे. लागलेलं कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. तळवे रोज घरातल्या कुणाला तरी दाखवा. तुम्हाला स्वतःला दिसायचं नाही."

घरी येईपर्यंत मास्तरांचं तोंड चालू होतं. "कालची पोर, मला पाय बघायला शिकवते. आणि दाखवू कुणाला, तुला? तुला धड सुईत दोरा ओवता येत नाही."

झालं. बायकोचं डोकं फिरलं. ज्यानं जन्मभर कवडीची किंमत दिली नाही, त्याच्या पायाशी आपण होऊन बसायचं? बघा तुमचे तुम्हीच, म्हणाली ती. त्या माणसाची तिला आता कीवही येत नव्हती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच तमाशा. मास्तर खुर्चीत बसून मोजे काढत, मांडीवर पाय घेत, तळव्यासमोर आरसा धरून भुवया उंचावत आणि निकाल देत, "साफ. सांग तुझ्या डॉक्टरीणबाईला." बायको मानही वर करत नसे.

एके दिवशी खोलीत वास येऊ लागला. उंदीर मेला असेल म्हणून तिनं कापडाचे तागे हलवले, मशीनखाली वाकून पाहिलं. वास खुर्चीकडून येत होता. खुर्चीत मास्तर आरसा धरून बसले होते.

"अगदी साफ," ते म्हणाले.

तिनं पाहिलं. डाव्या पायातला मोजा खाली पडला होता. मांडीवरच्या उजव्या पायात मात्र मोजा तसाच होता, कातडीच्या रंगाचा, अंगठ्याखाली तपकिरी डाग पडलेला.

"आधी मोजा काढा."

"काढलाय की. डोळे फुटले का तुझे?"

ते खोटं बोलत नव्हते. पायाला मोजा कळत नव्हता आणि डोळ्यांना तो दिसत नव्हता.

ती खाली बसली. मोजा जखमेला चिकटला होता. तिनं हळूच ओढला, मग जोर लावून ओढला. त्याबरोबर कातडी निघाली आणि आत रुतलेली गोल डोक्याची टाचणी दिसली, भोवतीचं मांस काळं पडलेलं. तिनं वर पाहिलं. आता हे ओरडतील, लाथ मारतील, निदान शिवी तरी देतील.

"आणि त्या बाईची फी बघ," मास्तर निवांतपणे सांगत होते, "नुसतं घाबरवायचे पैसे. तू काय करतेयस खाली? असलाच मोजा, तर काढ ना एकदाचा."