एका वळणाच्या दोन ओळी

जिल्हा पोलीस ऑफिसात त्यांना सगळे आकडेवाल्या बाई म्हणत. जिल्ह्यातले अपघात आणि वाहतुकीचे गुन्हे, दोन्ही तक्ते त्यांच्याच हातचे. तीन वर्षांत एका जागी पाच माणसं गेली की ती जागा धोक्याची ठरे आणि तिथे दिवा बसे. चार गेली तर काही नाही.

दोन वर्षांपूर्वी वखारीच्या वळणावर बाईंचा धाकटा भाऊ गेला. त्याची लेक अजून त्याच वळणावरून सायकलने शाळेत जाते. गेल्या साली भावजयीने विचारलं होतं, "वन्सं, आपलं वळण आलं का हो यादीत?"

"तीनच भरलेत गं," बाई म्हणाल्या होत्या. भावाचा कागद मात्र त्यांनी कधी उघडला नव्हता. त्या महिन्याची नोंद शेजारच्या टेबलाने केली होती, तेवढीच सुटका.

यंदा त्यांनी मन घट्ट करून ते तिन्ही कागद काढले. भाऊ त्यांत नव्हताच.

तो सापडला दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या गठ्ठ्यात. दोन ठाण्यांची हद्द रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून जायची. अलीकडे पडला तो या ठाण्याचा, पलीकडे पडला तो त्या ठाण्याचा. भाऊ पलीकडे फेकला गेला होता. त्याच्या आधी आणखी एक जण. इकडे तीन, तिकडे दोन. बाई चष्मा पुसत बसल्या, नको तितका वेळ.

मग दोन्ही गठ्ठे घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"दोन ठाणी, दोन ओळी. पद्धतच तशी आहे, बाई."

"साहेब, पडणारा माणूस हद्द बघून पडत नाही."

"ते खरं हो, पण वर काय सांगू?"

बाईंनी दुसरा तक्ता पुढे सरकवला. वेगाने गाडी हाकल्याबद्दल शिक्षा झालेले, वखारीचं वळण, एकशे बारा. एकाच ओळीत, कारण दोन्ही ठाण्यांना कोर्ट एकच.

"दंड घेताना वळण एक आणि मेलेली मोजताना दोन, हे वर कसं सांगणार तेवढं सांगा. मी लिहून घेते."

साहेबांनी कान खाजवला. "तुमच्याशी कोण डोकं लावणार! करा एक ओळ. सही करतो."

बाईंनी दोन्ही ओळी खोडल्या, नवी आखली आणि पाच लिहिले. आकड्याचं पोट जरा जास्तच गोल आलं.

संध्याकाळी भावजय शेंगा सोलत होती. "आलं का हो, वन्सं?"

"आलं. पाच भरले. आपला धरून."

तिचे हात थांबले. "म्हणजे आजवर तो कुठेच नव्हता?"

"होता गं. पट्ट्याच्या पलीकडे होता."

बाहेर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. भावजयीने मान वळवून तो नीट ऐकला, मगच पुढची शेंग उचलली.

"दिवा कधी लागेल?"

"सरकारी काम आहे. चार-सहा महिने तरी."

"लागू दे," ती म्हणाली. "तुमच्या भावाला कुठेही उशिराच पोचायची सवय."