जुनी लायब्ररी आणि चारचा वारा

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला, तर ही माझी नवीकोरी कवळी समुद्रात फेकून देईन!

माझी नात बंदराच्या कचेरीत हवामानाचा अंदाज काढते. त्या दिवशी डॉक्टरला गुडघा दाखवून मी तिच्या खोलीत जाऊन बसले. साहेबांच्या खुर्चीत, कारण गादी तिलाच होती. नात कॉम्प्युटरसमोर, आणि चेहरा असा की माशीनेही वाट बदलावी.

"काय गं, कुठं अडलंय?"

"लायब्ररी बसत नाहीये, आजी."

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे हं. वारा, पाऊस, हवेचा दाब यांचे आकडे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात, ते गठ्ठे सोडणारा प्रोग्रॅम. तो नसला की अंदाजाचं नवं सॉफ्टवेअर मुकं. संध्याकाळपर्यंत ते बोललं नाही, तर साहेब अंदाज बाहेरून विकत घेणार आणि नातीची रवानगी गोदामात, दोरखंड मोजायला.

ती इन्स्टॉल करायची, स्क्रीन म्हणायचा, झालं. सॉफ्टवेअर सुरू केलं की एरर: व्हर्जन जुळत नाही! पुन्हा इन्स्टॉल, पुन्हा तेच. एररची यादी इतकी लांब, की स्क्रीनवरून उतरून दाराबाहेर गेली आणि जिन्यात शिपाई तिच्यात पाय अडकून पडला.

शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला, "अगं, इंटरनेटवरून कमांड उचल, चिकटव, मोकळी हो."

"सकाळपासून तेच करतेय. आता डोकं चालवते."

"चालव, चालव," मी म्हटलं, "माझ्याकडूनच आलंय ते."

मग तिने इन्स्टॉल करणं थांबवलं आणि कॉम्प्युटरलाच विचारलं, बाबा रे, तू लायब्ररी उचलतोस तरी कुठली? बघते तर काय, तिच्या आधीच्या माणसाने कधीकाळी एक जुनी लायब्ररी कोपऱ्यात टाकून ठेवलेली. ही नवी आणून दारात उभी करतेय, आणि सॉफ्टवेअर आपलं जुनीच्याच गळ्यात पडतंय!

"मग उडव की जुनी," दाढीवाला म्हणाला.

"उडव म्हणे! भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम तिच्यावर चालतो. होड्या वाळूत रुतल्या की ढकलायला तू जाशील?"

दाढीवाला दाढी खाजवत बसला.

नातीने वेगळा, रिकामा फोल्डर केला. त्यात पायापासून एकेक लायब्ररी रचली, कारण एक लायब्ररी दुसरीच्या खांद्यावर उभी असते. खालची नीट चालते का ते तपासायचं, मगच वरची. सगळ्या एकाच कंपायलरने तयार केलेल्या, म्हणजे एकाच कारागिराच्या हातच्या, आपापसात भांडण नको. मग सॉफ्टवेअरला बजावलं, इथेच बघायचं, इकडेतिकडे नजर टाकायची नाही. मशीन एवढं तापलं, की मी माझे ओले मोजे त्याच्यावर वाळवून घेतले.

तेवढ्यात साहेब आले. "आजी, ती माझी खुर्ची..."

"असू द्या हो, मला चालते. तुम्ही स्टूल घ्या."

आणि स्क्रीनवर एररच्या जागी नकाशा उमटला! समुद्रभर बाणच बाण.

साहेब म्हणाले, "चित्र छान आहे. खरं कशावरून?"

नात जागची हलली नाही. म्हणाली, "चारला वारा उलटा फिरेल. समोरच्या गच्चीवरच्या चादरी बघा."

आम्ही सगळे चहाचे कप घेऊन खिडकीशी. चादरी आपल्या गोदामाकडे फडफडतायत. चारचा ठोका पडला मात्र, चादरी गर्रकन समुद्राकडे वळल्या! साहेबांनी फोन उचलला, "छोट्या होड्या आत बोलवा. वारा सुटलाय." मग नातीकडे वळून म्हणाले, "दोरखंड दुसरं कुणीतरी मोजेल. उद्यापासून रोजचा अंदाज तुमच्या मशीनवर."

मी जिन्यात गाठून शिपायाला सांगितलं, "ती माझी नात."

तो म्हणाला, "मघाशीच सांगितलंत."

"मग आता पाठ झालं असेल!"

आता एवढी शपथ घेतलीय, तर एक कबूल करते. चारच्या ठोक्याला वारा फिरला नव्हता. आमचा चहा संपला, दाढीवाल्याने दुसरा मागवला, तेव्हा कुठे तो आला. पण उशीर वाऱ्याला झाला, माझ्या नातीला नाही. कवळी मी फेकणार नाही.