बर्फाचे तीन खडे

राजीने फ्रीझरमधले दोन्ही ट्रे काढून ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. एका ट्रेला चौदा खण, दोन्ही मिळून अठ्ठावीस. सकाळी नऊला तिने मोजले तेव्हा अठ्ठावीसही खणांत बर्फ होता. आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खडे पंचवीस होते. काल याच वेळी पंचवीस होते. परवाही पंचवीस.

रिकामे खण मागच्या ट्रेच्या आतल्या कोपऱ्यातले होते. दार उघडून सहज आत पाहणाऱ्याला दिसणार नाहीत असे.

तिने ट्रे जागेवर ठेवले, ड्रॉवरमधली मापाची टेप काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराची रुंदी घेतली. साठ सेंटिमीटर. मग बाहेर जाऊन वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, चाकाच्या खुर्चीची रुंदी घेतली. पासष्ट. खुर्ची आत जात नाही हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पण माहीत असलेली गोष्ट मोजून लिहिली की तिला बरं वाटायचं.

"काय मापतीयास?" आप्पांनी विचारलं.

"खुर्ची."

"नवी घेतीयास का काय?"

"नाही. आहे तीच."

आप्पांनी मान हलवली आणि परत रस्त्याकडे पाहू लागले.

कोपरखैरण्याच्या त्या बैठ्या घरापुढे लोखंडी पत्र्याची शेड होती. गेले आठ दिवस राजीचा बाप ज्ञानू शेडगे रोज नऊ ते अकरा त्या पत्र्याखाली बसत होता. अट त्याच्या बायकोची, राजीच्या आईची, पुतळाची होती. मार्केटातल्या हमालांच्या टोळीचा मुकादम धनाजी येऊन म्हणाला होता, गाडीतून गोण्या उतरताना मोजायला माणूस पाहिजे, बसून करायचं काम आहे, ज्ञानूएवढी पक्की मोजणी कुणाची नाही. पुतळाने चहा दिला. मग म्हणाली, "दहा दिस हितं पत्र्याखाली बसवून बघू. अकरा वाजता ताप शंभराच्या वर गेला न्हाई, तर घेऊन जावा." शनिवारी दहावा दिवस होता. सोमवारी मुकादम कुणाला तरी बसवणारच होता.

बावीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिलेला हा माणूस मार्केटात कधी पडला नव्हता. चार वर्षांपूर्वी गावी सुट्टीत चिंचेवरून पडला. मणका छातीच्या मागे दुखावला. पाय गेले हे लगेच कळलं. दुसरी गोष्ट कळायला उन्हाळा यावा लागला. छातीच्या खाली मेंदूचा निरोप पोचत नव्हता, त्यामुळे तिथे घाम येत नव्हता आणि थंडीत काटाही येत नव्हता. सगळ्या अंगाची उष्णता डोकं, मान आणि छातीचा वरचा भाग, एवढ्यानेच बाहेर टाकायची. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी चार तास वीज गेली, तेव्हा ज्ञानूचा ताप एकशे चारवर गेला होता. पुतळाला तो गावच्या म्हशीचं नाव घेऊन हाक मारत होता. ती गोष्ट नंतर घरात कुणी काढली नाही.

राजी बी.एस्सी. झाली होती आणि महाप्याच्या एका लॅबमध्ये कारखान्यांतली मापं खरी बोलतात का ते तपासायची. शिफ्ट दुपारची, म्हणून सकाळची मोजमापं तिच्याकडे आली. घरचा थर्मामीटर तिने लॅबमधल्या प्रमाण थर्मामीटरशेजारी पाण्यात धरून तपासून आणला होता. चूक एक दशांशाच्या आत. दर अर्ध्या तासाला आप्पांच्या जिभेखाली तो ठेवायचा आणि वहीत लिहायचं. पहिल्याच दिवशी आकडे असे आले: ९८.२, ९८.७, ९९.२, ९९.६, आणि अकराला ९८.८.

आठही दिवस असंच. आलेख चढत जायचा आणि शेवटच्या अर्ध्या तासात खाली यायचा. ऊन तर चढतच असायचं. आधी तिला वाटलं, खाडीकडचा वारा सुटत असेल. तिने पत्र्याला दोरा बांधून ठेवला. अकराला दोरा सरळ लोंबत होता. आप्पांचा सदरा काखेपर्यंत ओला आणि त्याखाली इस्त्री केल्यासारखा कोरडा होता. ओल्या भागाची कड रोज थोडी गडद होत होती. थंड होणाऱ्या माणसाचा सदरा असा नसतो. तिने मग घरातल्या सगळ्या थंड गोष्टी मोजायला घेतल्या. माठातलं पाणी, ओले पंचे, शेवटी बर्फ.

शुक्रवारी पुतळा दोन घरांचा स्वयंपाक आटोपून नेहमीसारखी साडेदहाला आली. आत गेली, नवऱ्याला पाण्याचा तांब्या आणून दिला, पदराने त्याचं कपाळ टिपलं आणि पुन्हा आत गेली. राजी वहीवर रेघा आखत होती. तिने मान वर केली नाही.

अकराला जिभेखाली ९८.८.

"आता काखेत," राजी म्हणाली.

"काखंत कशाला? तोंडात झालं की."

"काखेत तोंडापेक्षा एक अंश कमी येतो. येतो का ते बघायचंय."

तिने काख कोरडी पुसली, थर्मामीटर ठेवला, पाच मिनिटं घड्याळाकडे पाहिलं. ९९.७.

"आप्पा, आ करा."

"आगं..."

"आ करा."

ज्ञानूने शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडलं. राजीने बोटाची पाठ त्याच्या गालाला लावली. कपाळ तापलेलं होतं आणि गाल गार होता.

"बर्फ कुठून आला?"

"मी घेतला."

"दार साठ, खुर्ची पासष्ट."

ज्ञानू हसला. "लॅबवाली," तो म्हणाला आणि मग हसू तसंच ठेवून त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. पुतळा दारात येऊन उभी राहिली. हातात कणीक होती.

"मी दिला," ती म्हणाली.

"तू? अट तुझीच आहे ना?"

"माझीच हाय."

"मग?"

पुतळा बोटांची कणीक सोलू लागली. "मला जावा म्हणवत न्हाई. नको म्हणून चार वर्सं झाली, आता तेबी म्हणवत न्हाई. म्हटलं, ते यंत्रच म्हणू दे."

"तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं?"

"न्हाई," ज्ञानू रस्त्याकडे बघतच म्हणाला. "पयल्या दिशी तांब्याबरोबर माझ्या हातावर ठेवला तिनं. काय बोलली न्हाई. मीबी इचारलं न्हाई."

"आणि तीनच का?"

"जास्त घेतले असते तर तुला कळलं असतं," पुतळा म्हणाली.

"तीनही कळले."

"तुझं डोळं हायती का तराजूचं काटं हायती?"

राजीने वही उघडली. अकराचे नऊ आकडे. "लॅबमध्ये चुकलेला आकडा खोडून टाकत नाहीत," ती म्हणाली. "एक रेघ मारायची, आकडा खाली दिसला पाहिजे, आणि बाजूला सही." तिने नऊ रेघा मारल्या आणि पेन पुढे केलं. ज्ञानूने झरझर सह्या केल्या. पुतळाने हात पदराला पुसले, वही मांडीवर घेतली आणि पुतळा ज्ञानू शेडगे असं नऊ वेळा पूर्ण लिहिलं. शेवटच्या सहीला कणकेचा डाग पडला.

"म्हंजे आज किती धरायचा?" ज्ञानूने विचारलं.

"काखेत ९९.७. तोंडात शंभराच्या वर."

समोरून टेम्पो गेला, मागून दोन स्कूटर गेल्या. "हितं बसून मी गाड्या मोजतो," तो म्हणाला. "सकाळधरनं एकशे एकेचाळीस झाल्या. पर कुणाला सांगायच्या? तिथं गोणी मोजली की कोन तरी इचारतं, ज्ञानू, किती झाल्या."

पुतळा आत जायला वळली आणि उंबऱ्यावर थांबली.

"राजे, तीन खड्यांनी किती उतरतो? खरा. तोंडातला न्हवं, अंगातला."

राजीने तिच्याकडे पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि एक खडा वजनकाट्यावर ठेवला. बारा ग्रॅम. आप्पांचं वजन छप्पन्न किलो. बर्फ वितळायला लागणारी उष्णता, ते पाणी अंगाइतकं गरम व्हायला लागणारी उष्णता. तिने वहीच्या शेवटच्या पानावर उभ्याउभ्याच हिशेब केला.

"दीड दशांश," ती म्हणाली. "थर्मामीटर मात्र जवळजवळ दोन अंशांनी फसतो."

"आन अठ्ठावीसांनी?"

पेन थांबलं. हा प्रश्न नऊ दिवसांत तिला सुचला नव्हता. तिने गुणाकार केला, पुन्हा वरपासून तपासला.

"जवळजवळ दीड अंश. गिळला तर. पण एकदम नाही, पोटात कळा येतील. कुटून, चमच्या-चमच्यानं, दोन तासांत."

"थर्मासमधी ऱ्हातो का दोन तास?"

"राहतो."

तिने आप्पांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हळूहळू द्या, मानेवर ओला पंचा ठेवा, आणि बोलण्यात जरा फरक वाटला तर आकड्याची वाट न पाहता सावलीत, पंख्याखाली न्या. राजीने तेही लिहून घेतलं. तोंडातला शंभर म्हणजे काखेतला नव्याण्णव. अटीचा आकडा तिने वहीत शंभराचा नव्याण्णव केला आणि सही केली.

"दहावा दिवस इथे नको," ती म्हणाली. "तिथेच मोजू."

शनिवारी सकाळी धनाजी मुकादम टेम्पो घेऊन आला. त्याने आणि राजीने ज्ञानूला उचलून पुढे बसवलं, खुर्ची मागे टाकली. पुतळाने दोन्ही घरांना सुट्टी सांगितली होती. ती कुटलेल्या बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन बसली.

"वयनी, तुमीबी?" धनाजी म्हणाला. "टोळीत नाव घालू का?"

"आधी ह्यांचं घाला."

मार्केटात शेडखाली गाडी लागली होती. कांद्याची. ज्ञानूची खुर्ची गाडीच्या मागच्या अंगाला, पंख्याच्या वाऱ्यात येईल अशी लावली. नऊला काखेत ९७.४. गाडीची मागची फळी पडली आणि गोण्या उतरू लागल्या. प्रत्येक पाठ समोरून जाताना ज्ञानूचं बोट मांडीवर एकदा उठत होतं. मांडीला ते कळत नव्हतं, पण बोट चुकत नव्हतं. मधूनमधून पुतळा थर्मासचं झाकण काढायची, चमचा त्याच्या तोंडापुढे धरायची आणि तो गोण्यांवरची नजर न हलवता तोंड उघडायचा. साडेनऊ, ९७.८. दहा, ९८.३. साडेदहा, ९८.६. सदऱ्यावरची ओली कड काखेच्या जरा खाली आली होती. पत्रा तडतडत होता.

"ज्ञानू, किती?" गाडीवरून कुणीतरी ओरडलं.

"दोनशे सोळा."

"माझ्या दोनशे पंधरा झाल्या."

"परत मोज."

खाली लावलेली थप्पी परत मोजली गेली. दोनशे सोळा होत्या. वरचा माणूस काही तरी पुटपुटला आणि धनाजी मोठ्याने हसला. ज्ञानू हसला नाही. त्याची मान ताठ झाली होती, आणि त्याच्याकडे पाहता पाहता पुतळा चमचा तसाच धरून राहिली. त्यातला बर्फ वितळून तिच्या मनगटावरून ओघळला.

अकराला पाच कमी असताना थर्मास रिकामा झाला. राजीने आप्पांची काख कोरड्या फडक्याने पुसली, थर्मामीटर ठेवला आणि दंड अंगाशी घट्ट धरला. पुतळाचा हात सवयीने नवऱ्याच्या मानेकडे गेला. तिथे पोचायच्या आत तिने तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

पाच मिनिटं झाली. राजीने थर्मामीटर काढला आणि न बघता आईच्या हातात दिला.

पुतळाने चष्मा आणला नव्हता. तिने हात लांब केला, उजेडाकडे वळली, पुन्हा थोडा जवळ घेतला. धनाजी गाडीजवळून बघत होता. ज्ञानू गोण्यांकडे.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ," ती म्हणाली.

राजीने लिहिलं: शनिवार, अकरा वाजता, काख, ९८.९.