हायवेकडचं दार

"पहिला बर्फ पडला की दार नुसतं ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही. आणि शेगडीत लाकडं अशी रचून ठेव, की एका काडीत पेटली पाहिजेत." अखेरच्या आजारपणात चर्चची किल्ली माझ्या हातात देताना सासूबाई हे म्हणाल्या. किल्ली द्यायची आणि कुलूप लावू नकोस म्हणून बजावायचं, अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

युक्रेनहून आलेल्या पणजोबांच्या पिढीने बांधलेलं आमचं चर्च कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, हायवेला अगदी लागून आहे. सभोवार गव्हाची शेतं, आणि पुढे मैलभरावर डोरीनची खानावळ. रोज सकाळी मी चर्चमध्ये जाते, दिवा लावते, माळ ओढते, शेगडी बघते. हिवाळ्यात वादळाने अडवलेलं कुणी रात्री आत राहून गेलं असेल तर मला लगेच कळतं. राख कोमट असते, घोंगड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट असतात. एकदा बाकावर कुणी एक सफरचंद ठेवून गेलं होतं.

यंदा सुगी उरकल्यावर गावाच्या वळणावरचं धान्याचं जुनं लाकडी कोठार पाडलं. पडायलाच आलं होतं ते. त्याच सुमारास पलीकडच्या गावच्या चर्चमधून पितळी दीपदानं चोरीला गेली, आणि आमच्या समितीचा प्रमुख हार्वी कोझाक याने मनावर घेतलं.

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही सगळे नेहमीसारखे डोरीनकडे जमलो.

"वासिलकाका, काल कुणीकडे स्वारी?" डोरीनने कॉफी ओतता ओतता विचारलं. "घर मागे टाकून माझ्या दारावरनं पार पुलापर्यंत गेलात म्हणे."

वासिलकाका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, नेस्टरचे काका. ऐंशीला टेकलेत. "हस बाई, हस," ते म्हणाले. "उभा जन्म कोठार आलं की उजवीकडे वळलो. काल कोठार आलंच नाही. म्हटलं, येईल पुढे."

"पुलापर्यंत वाट बघितलीत?"

"अगं, एवढं मोठं कोठार. जाईल कुठे?"

टेबलं हसली. हार्वीही हसला, आणि हसता हसता त्याने खिशातून नवं कुलूप काढून टेबलावर ठेवलं. "उद्यापासून चर्चला हे लागणार. स्टेफकावहिनी, तुमच्या सासूबाईंचा मान राखूनच सांगतोय."

मी कप खाली ठेवला. "हार्वी, गुरुवारी धुकं होतं. तू कुठे वळलास?"

त्याने कॉफीचा कप पुढे ओढला.

"मी चर्चच्या खिडकीशी बसले होते. तुझा ट्रक चर्चच्या अंगणात आला, वळला आणि परत गेला."

"वहिनी, तुम्ही प्रार्थना करत होता की पहारा?"

"डोळे उघडे ठेवून केलेलीही पोचते रे."

वासिलकाकांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे तूसुद्धा? आणि मघापासून मला हसतोय."

"घुमट दिसला तेव्हा कळलं, पुढे आलो ते," हार्वी हळूच म्हणाला.

"ते नुसतं धुकं होतं," मी म्हटलं. "आता वळण चुकलेला प्रत्येक जण आपल्याच दाराशी येणार. वादळात गाडी रुतली, तू पायी दारापर्यंत पोचलास, आणि कडीला हे लटकत असलं तर?"

हार्वीने कुलूप उलटंपालटं करून पाहिलं. "आणि चोर आले तर?"

"क्रॉस आणि दीपदानं मी घरी ठेवते, रविवारी घेऊन येईन. मागे उरतात बाक, घोंगड्या आणि शेगडी. चोराला थंडी वाजत असेल तर त्यानेही पेटवावी."

"रोज बघणार कोण? तुमचा गुडघा हा असा."

"मी बघीन. ईस्टरपर्यंत, एक दिवस न चुकता."

"ज्या दिवशी शेगडी रिकामी दिसेल, त्या दिवशी कुलूप. चालेल?"

"चालेल."

त्याने कुलूप खिशात टाकलं. "लाकडं मी आणून टाकतो," जाता जाता म्हणाला, जणू खिशातल्या कुलपालाच सांगत होता.

बुधवारी उजाडलं तेव्हा कुंपणाचे खांब पांढऱ्या टोप्या घालून उभे होते. संध्याकाळी वादळ येणार, असं रेडिओ सांगत होता. माझा नाताळाआधीचा उपास चालू होता. काळा चहा घेतला आणि ढलप्यांची पिशवी उचलली.

"एक दिवस नाही गेलीस तर देव माफ करेल," पांघरुणातून नेस्टर म्हणाला.

"देव करेल. हार्वी नाही करायचा."

तो कुरकुरत उठला, माझे हातमोजे शेगडीवर धरून ऊन केले आणि माझ्या हातात दिले. मी पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, काचेवरचा बर्फ झाडला आणि गाडी हळूच हायवेकडे काढली.